बिरूनं माझ्यावर विश्वास ठेवला

बातमी मला न्हाव्याच्या दुकानात कळली. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण तसाच होता. वस्तरा पट्ट्यावर घासता घासता तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, “त्ये होनमाने वकील गेलं की वो काल. तुमचं दोस्त ना ते?” मी मान हलवली तसा तो ओरडला, “हलू नका, कापंल!” मग तो बाकीचं सांगत राहिला. कावीळ उलटली होती म्हणे, लई हाल झाले म्हणे, कोर्टातले सगळे वकील आले होते म्हणे. मी डोळे मिटून बसलो होतो. आता खरं लिहायचंच ठरवलंय तर हेही लिहितो. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाईट वाटलं नाही. सुटलो, असं वाटलं. ज्या एका माणसाला मला एक गोष्ट सांगायची होती, आणि जी सांगायची हिंमत मी इतकी वर्षं गोळा करत होतो, तो माणूसच आता उरला नव्हता. दाढी करून मी घरी गेलो, आंघोळ केली आणि मग मोरीतच बसून रडलो. पण आधी सुटलो असं वाटलं, ते वाटलंच.

बिरुदेव होनमाने हे नाव सोलापुरात फौजदारी कोर्टाची पायरी चढलेल्या बहुतेकांना माहीत आहे. त्याच्या शोकसभेत मोठमोठे लोक बोलले. गरिबांचा वाली, दीनांचा कैवारी वगैरे सगळं झालं. बिरू ते ऐकायला असता तर उठून बाहेर विडी ओढायला गेला असता. आम्ही दोघं कॉलेजात असताना एका खोलीत राहायचो. तो सांगोल्याच्या बाजूचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. मी कुर्डुवाडीच्या रेल्वेतल्या कारकुनाचा मुलगा. त्यानं पहिल्या दिवशी खोलीत घोंगडं अंथरलं तेव्हा मी नाक दाबलं होतं. ते बघून तो म्हणाला, “काय कुर्डुवाडीकर, इंजनाचा धूर चालतो आन् मेंढराचा वास चालत न्हाय व्हय?” त्या दिवसापासून शेवटपर्यंत मी त्याच्यासाठी कुर्डुवाडीकरच राहिलो. वकिलीला दोघांनीही नाव घातलं. तो पास झाला, मी मधेच सोडून सरकारी कचेरीत चिकटलो. त्याची बोली मला खटकायची. कोर्टातसुद्धा तो हाय-न्हाय करायचा. मी एकदा म्हटलं, जरा भाषा सुधार की. त्यावर तो म्हणाला, “तुजी लई सुधारली की रं. काय झालं? कारकूनच झालास न्हवं?” आणि इतका हसला की मलाही हसावं लागलं.

त्याचं एकच वेड होतं. कोर्टात सगळ्यांना सारखं वागवा. कायदा सगळ्यांना एक आहे हे सगळेच म्हणतात, त्याचं म्हणणं वागण्याबद्दल होतं. साक्षीला कापड दुकानदार आला की त्याला “या, बसा, पाणी घ्या”, आणि विणकराघरची तेलुगू बोलणारी बाई आली की “लवकर आटप, बाई, काय ते हो की नाही सांग.” तिला अर्धी मराठी कळायची, घाबरून ती ‘हो’ म्हणायची, आणि ते हो कागदावर कायमचं बसायचं. बिरू मधे उठून म्हणायचा, साहेब, तिची भाषा येणारं माणूस बोलवा, तोवर आमी थांबतो. लोक वैतागायचे. त्याचं म्हणणं असं की निकाल लिहायच्या कितीतरी आधी निकाल लागलेला असतो. कोण अरे, कोण अहो, कुणाकडे बघून साहेब मान हलवतात आणि कुणाकडे बघून घड्याळ बघतात, तिथंच तो लागतो.

दगडू काळेची केस त्याच्याकडे आली ती बहात्तरच्या दुष्काळात. दगडू पारधी, सेटलमेंटमधला. इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात कोंडलं होतं, त्यांची ती वस्ती. कुंपण निघून वीस वर्षं झाली होती, पण गावात कुठं चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिली तिकडंच वळायची. एका आडत व्यापाऱ्याला दिवेलागणीच्या वेळी रस्त्यात अडवून कुणीतरी सुरा मारला होता आणि पैशांची पिशवी पळवली होती. व्यापारी वाचला. हल्लेखोराचं तोंड फडक्यात होतं, उजेड कमी होता, पण फडकं सुटलं तेव्हा आपण चेहरा बघितला असं त्यानं सांगितलं. दगडूकडे पिशवी सापडली नाही, सुराही सापडला नाही. त्यामुळे सगळी केस ओळख परेडवर आली. व्यापाऱ्यानं ओळीतून दगडूला ओळखलं तर सजा, नाहीतर सुटका.

सुनावणीच्या पहिल्या दिवसाची गंमत बिरूच मला सांगायचा. पट्टेवाल्यानं दारातून पुकारा केला, “दगड्या काळे हाजिर हाय का?” बिरू उठला. म्हणाला, “साहेब, कागदात दगडू लिवलंय, दगड्या न्हाय.” न्यायाधीश चष्म्यावरून बघत म्हणाले, “वकीलसाहेब, आपण इथं लग्नपत्रिका छापणार आहोत का?” सगळं कोर्ट हसलं. बिरू हसणं थांबेपर्यंत थांबला आणि पिंजऱ्याकडे वळून म्हणाला, “दगडूराव, जरा फुडं या.” मग तर लोक पोट धरून हसले. दगडू मात्र पुढं आला नाही. आपल्याला हाक मारली हे त्याला कळलंच नव्हतं.

परेड निष्पक्ष व्हावी म्हणून बिरूनं आधीच अर्ज दिला होता. दगडूचे कपडे फाटके, केस वाढलेले, कानात बाळी. त्याच्या शेजारी इस्त्रीच्या सदऱ्यातले डमी उभे केले तर आंधळाही ओळखेल, असं त्यानं लिहिलं. डमी म्हणजे ओळीत आरोपीबरोबर उभी करतात ती साधी माणसं. मॅजिस्ट्रेट भला माणूस होता, त्यानं सगळं मान्य केलं. सगळ्यांच्या डोक्याला सारखी फडकी बांधायची, सगळ्यांनी गळ्यापासून खाली सारख्या चादरी पांघरायच्या. सोलापुरात चादरींना काय तोटा! एकाच ताग्यातल्यासारख्या चादरी आल्या. बिरूच्या अर्जात शेवटी आणखी एक वाक्य होतं... आरोपीच्या पायात चप्पल नाही, तरी इतरांच्याही काढाव्यात. हे वाक्य त्यानं मला मोठ्या अभिमानानं वाचून दाखवलं होतं. “बघ कुर्डुवाडीकर, काय सुटलं का?” मी म्हटलं, काही नाही, चोख आहे. आणि खरंच आम्हा दोघांनाही त्यात काही सुटलेलं दिसलं नाही. आपण कुठंही आत शिरताना दारात चपला काढतो, त्यात विचार काय करायचा?

त्या परेडला पंच म्हणून मी होतो. सरकारी नोकरांना असं बोलावणं यायचं, नाही म्हणता यायचं नाही. वकिलाला आत परवानगी नव्हती. बिरू बाहेर झाडाखाली उभा होता, आणि मी आत आहे म्हटल्यावर निर्धास्त होता. एका शाळेच्या खोलीत बाकं सरकवून ओळ लावली. डमी सगळे जवळपासच्या कचेऱ्यांतले शिपाई, कारकून. चादरी, फडकी, सगळं सारखं. मी भिंतीशी उभा राहून ओळीवरून नजर फिरवली आणि समाधानानं मान हलवली. मग माझी नजर खाली गेली. सगळ्यांच्या पायांवर चपलेच्या पट्ट्यांचे फिके ठसे होते. वर्षानुवर्षं चप्पल घालणाऱ्याच्या पायावर असतात तसे, उन्हात न रापलेले पांढरट पट्टे. मधोमध एकच जोडी पाय अशी होती की तिच्यावर ठसा नव्हता. सगळा पाय एका रंगाचा, मातीच्या रंगाचा, टाचांना भेगा, अंगठा बाजूला गेलेला. चादरींनी बाकी सगळं झाकलं होतं, त्यामुळे बघण्यासारखे पायच उरले होते.

माझ्या लक्षात आलं तेव्हा व्यापारी आत आला होता. मी बोलायला हवं होतं. मॅजिस्ट्रेटसाहेब, जरा थांबा, एवढंच म्हणायचं होतं. मी थांबलो... कशासाठी थांबलो ते पुढं सांगतो. व्यापारी पहिल्यांदा चेहऱ्यांकडे बघत ओळीच्या टोकापर्यंत गेला. कुणापाशीही थबकला नाही. टोकाला जाऊन गोंधळल्यासारखा उभा राहिला. साहेब काहीतरी लिहीत होते, दुसरा पंच खिडकीबाहेर बघत होता. व्यापाऱ्यानं खाली बघितलं. मग तसाच, खाली बघत, पाय बघत, तो परत आला. दगडूच्या पायांपाशी थांबला. मग मान वर केली आणि त्याच्या खांद्याला हात लावला. “हाच.” त्या माणसाच्या मनात काही पाप होतं असं मला आजही वाटत नाही. त्यानं पाय बघून गुन्हेगार ओळखला आणि मग त्या गुन्हेगाराला चेहरा दिला. स्वतःलाही त्याला ते कळलं नसेल.

महिन्याभरानं मी साक्षीला उभा राहिलो. मला लगेच खुर्ची मिळाली. उलटतपासणीला बिरू होता. आमची ओळख आहे हे त्यानं आधीच कोर्टाला सांगून टाकलं होतं, लपवाछपवी त्याला जमायची नाही. त्यानं चादरींबद्दल विचारलं, फडक्यांबद्दल विचारलं. मग माझ्याकडे नीट बघत त्यानं विचारलं, “साक्षीदार वळीसमोरनं फिरताना कुटं बघत हुता? चेहऱ्याकडं, का आणखी कुटं?” मी म्हणालो, “चेहऱ्याकडे.” “पायाकडं बघितलं का त्यानं?” “नाही.” बिरूनं मान डोलावली आणि बसला. पिंजऱ्यातून दगडू माझ्याकडे बघत होता. मी खुर्चीतून उठलो. बाहेर बिरूनं माझ्या खांद्यावर हात टाकला. “बरं झालं तू हुतास. न्हायतर त्या आडत्याला मी उगंच खोटं पाडलं आसतं.”

मी असं का केलं? इतक्या वर्षांत मी स्वतःला खूप कारणं दिली. वरिष्ठ नाराज होतील, बढती अडेल, मॅजिस्ट्रेटची परेड रद्द झाली तर बोट माझ्याकडे येईल. पण आता खोटं बोलायचं काही कारण उरलेलं नाही. माझ्यावर कुणी दडपण आणलं नव्हतं. कुणी काही देऊ केलं नव्हतं. वरिष्ठांना तर मी साक्षीला गेलोय हेही आठवत नव्हतं. त्या शाळेच्या खोलीत ते पाय बघताना माझ्या मनात आलं होतं, की यानंच केलं असणार. दुसऱ्या कुणी केलं असेल? पारधीच तर आहे. असा माणूस एका तांत्रिक कारणावरून सुटू नये असं मला वाटलं, आणि ते वाटणं मी न्यायाची चाड समजलो. साक्षीच्या दिवशीही तेच. कागदावर मी शपथेवर खोटं बोललो, मनात मात्र आपण खरंच सांगतोय असं वाटत होतं. ज्या गोष्टीसाठी बिरू आयुष्यभर भांडला ती माझ्या आत शांतपणे बसलेली होती आणि मला कधी टोचली नव्हती. त्याच्या घोंगड्याला नाक दाबलं तेव्हाही ती तिथंच असणार.

दगडूला सक्तमजुरी झाली. तो आत असताना त्याची म्हातारी आई गेली. बायको दुष्काळी कामावर खडी फोडत होती, नंतर ती पोरं घेऊन माहेरी गेली ती गेलीच. गुन्हा खरा कुणी केला हे मला आजही माहीत नाही. दगडूनं केलाही असेल. पण त्या व्यापाऱ्यानं त्याला ओळखलं नव्हतं, हे मला माहीत होतं, आणि हे माहीत असलेला आणि ज्याचं कोर्टानं ऐकलं असतं असा माणूस मी एकटाच होतो. हळूहळू टोचायला लागलं. पेपरात कुठं ओळख परेड हा शब्द आला की मी पान उलटायचो. लोकांच्या पायांकडे बघायची मला खोड लागली.

बिरूला सांगायचं मी कितीदा ठरवलं. तो बदलत चालला होता आणि ते का, हे फक्त मला कळत होतं. भांडायचा तसाच, पण आशिलाशी बोलताना त्याच्या आवाजात एक शंका यायला लागली होती. शेवटचा भेटलो तेव्हा तो घरीच होता, डोळे हळदीसारखे पिवळे. मी ठरवूनच गेलो होतो. दुपारची वेळ होती, सुशीलावहिनी ताक आणायला आत गेल्या होत्या. बिरू आपणहून म्हणाला, “मानसं म्हंत्यात मी लई गरिबांचं ऐकलं. एक दगडूचं ऐकलं आन् फसलो बघ. परेड चोख झालती, तू सोता हुतास. म्हंजे त्यो माज्याशी खोटं बोलला. तवापास्नं कुनी बी हितं येऊन रडाय लागलं की पयलं मनात येतं, ह्यो बी फसवत आसंल.” त्यानं माझ्याकडे बघितलं. “तुला काय तरी बोलायचं हाय का रं?” माझ्या तोंडात शब्द आला होता, अगदी ओठांवर. मी म्हणालो, “औषध वेळेवर घेत जा.” तो हसला. “कारकून तो कारकूनच.” त्यानंतर तो मला दिसला नाही.

सुतक फिटल्यावर वहिनींना भेटायला गेलो. बाहेरच्या खोलीत, जिथं बिरू आशिलांना भेटायचा, दगडू काळे बसला होता. मी त्याला ओळखलं नसतं, पण माझी नजर सवयीनं पायांकडे गेली. केस पांढरे झाले होते. वहिनी म्हणाल्या, “हे रोज येतात हो. बसतात आणि जातात,” आणि चहा टाकायला आत गेल्या. आम्ही दोघंच. पळून जावंसं वाटलं. मग मी त्याच्या समोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. परेड, पट्ट्यांचे ठसे, व्यापाऱ्याची नजर, माझं ‘नाही’. माझं झाल्यावर तो म्हणाला, “मला म्हाईत हाय की.”

“काय माहीत आहे?”

“तुमी बघितलं त्ये. शेट माज्या पायाकडं बघत हुता आन् तुमी शेटकडं बघत हुता. मी तुमच्याकडं बघत हुतो. मला वाटलं, ह्यो मानूस बोलंल.”

“मग वकिलांना का नाही सांगितलंस?” मला विचारल्यावर कळलं, मी त्याला अरेतुरे केलं होतं.

“सांगितलं की. साक्षीच्या आदीच सांगितलं. म्हनूनच तर इचारलं त्यांनी तुमास्नी.”

मला वाटत आलं होतं की तो प्रश्न बिरूच्या हुशारीतून आला... तो दगडूचा प्रश्न होता. मी विचारलं, “आणि मी नाही म्हटल्यावर?”

“तुरुंगात न्यायच्या आदी वकील भेटाय आलं. म्हनलं, तुमची बघन्यात चूक झाली आसंल. त्यो माजा दोस्त हाय, खोटं न्हाय बोलायचा. मानूस चांगलं हुतं. माजं सगळं ऐकून घ्यायचं. फकस्त त्येवडं न्हाय ऐकलं.”

म्हणजे बिरूसमोरही दोन माणसांचे शब्द आले होते. एका बाजूला पारधी, दुसऱ्या बाजूला कुर्डुवाडीकर. सगळ्यांचा शब्द सारखा तोला असं जन्मभर कोर्टाला सांगणाऱ्या माझ्या मित्रानं क्षणभरही न थांबता माझा शब्द उचलला. त्याला दोष देऊ? त्याच्या एकुलत्या एका पक्षपाताचा फायदा मला झाला. वहिनी चहा घेऊन आल्या. दगडूनं कप घेतला, संपवला, “येतो वैनी” म्हणाला आणि माझ्याकडे न बघता गेला. माफ केलं म्हणाला नाही, शिव्याही दिल्या नाहीत. दोन्हीपैकी काही तरी मिळावं अशी माझी अपेक्षा होती हे तो गेल्यावर मला कळलं, आणि लाज वाटली.

वहिनींनीच मला हा लेख लिहायला सांगितलं. “त्यांच्याबद्दल चांगलं लिहा,” म्हणाल्या. हे छापून आल्यावर त्या माझ्याशी बोलतील की नाही, माहीत नाही. सरकारदरबारी माझं जे व्हायचं ते होईल. हे छापल्यानं दगडूची ती वर्षं परत येणार नाहीत, हेही मला कळतं. बाहेरची खोली वहिनींनी अजून तशीच ठेवली आहे. तिथं टेबल नाही, कधीच नव्हतं. एक मोठी सतरंजी आहे. एका बाजूला बिरू मांडी घालून बसायचा, दुसऱ्या बाजूला आशील, मधे काही नाही. “बोला,” एवढंच म्हणायचा आणि डोळे मिटून घ्यायचा, समोरचा आपणहून थांबेपर्यंत. काल तिथं एकटाच बसलो होतो. बिरूच्या बाजूचा रंग अजून टिकून आहे. आशिलांच्या बाजूचे धागे झिजून खालची फरशी दिसायला लागली आहे. हे सगळं मी त्या झिजलेल्या बाजूला बसून लिहिलं.